पहिले घमेले : बांधकामावर परमुलखात जाणाऱ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

बांधकामावर परमुलखात आलेल्या माणसाला 'का आलात?' असे विचारले की तो 'पोटासाठी' म्हणतो. उत्तर खरे असते. पण ते इतके सगळीकडे खरे असते की अभ्यास त्याच्यापुढे सरकत नाही. १८३० च्या दशकात कार्डिफची गोदी खणायला आलेल्या आयरिश मजुराला कुणी विचारले असते, तर तोही हेच म्हणाला असता. १८६१ साली बोरघाटात कातळ फोडणाऱ्या वडाराने हेच सांगितले असते. बँकॉकच्या एखाद्या मनोऱ्यावर सळया बांधणारा कारेन तरुण आज हेच सांगतो. भूक सगळ्यांची सारखीच; पण सगळेच भुकेले घर सोडत नाहीत, आणि सोडणारे सगळेच घमेले उचलायला जात नाहीत. कुणी फौजेत जातो, कुणी बोटीवर, कुणी गिरणीत. मग हाच माणूस बांधकामावर का?

बरीच वर्षे या विषयामागे हिंडल्यावर मला दुसराच एक प्रश्न अधिक उपयोगी वाटू लागला : 'पहिले घमेले कुठे उचललेत?' त्याचे उत्तर परमुलखातले क्वचितच असते. बहुधा ते घरापासून चार-पाच मैलांवरचे असते. दुष्काळी कामावरचे, सरकारी रस्त्यावरचे, वेठीचे. परदेशाची वाट धरण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या हातातला नांगर सुटलेला असतो आणि दगड आलेला असतो. हे मधले पाऊल नजरेआड झाले की स्थलांतर म्हणजे शेतातून एका उडीत मनोऱ्यावर, असे चित्र तयार होते आणि सगळा अभ्यास त्या उडीचेच कारण शोधत बसतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती हा दुसरा प्रश्न द्यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. मी कार्डिफमध्ये राहते, म्हणून सुरुवात इथूनच करते.

कार्डिफ अभ्यासाला सोयीचे शहर आहे, कारण ते जवळजवळ सगळेच्या सगळे एका शतकात उभे राहिले. १८०१ च्या जनगणनेत इथे १,८७० माणसे होती, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव. १९०१ मध्ये हीच संख्या १,६४,३३३ होती. मधल्या काळात दक्षिण वेल्सच्या दऱ्यांमधला कोळसा समुद्राकडे निघाला आणि त्याला बाहेर पडायला दार हवे होते. इथला मोठा जमीनदार, ब्यूटचा दुसरा मार्क्विस, याने ते दार स्वतःच्या पैशाने उघडले. सुमारे साडेतीन लाख पौंड खर्चून बांधलेली ब्यूट वेस्ट डॉक ही गोदी ऑक्टोबर १८३९ मध्ये सुरू झाली. पाठोपाठ मर्थरहून येणारी टॅफ व्हेल रेल्वे आली, तिचा अभियंता ब्रुनेल. पुढे दक्षिण वेल्सची मोठी रेल्वे शहरातून न्यायची तर टॅफ नदीच आडवी येत होती, म्हणून १८५० च्या सुमारास नदीचे पात्रच पश्चिमेला सरकवण्यात आले. आजच्या वेस्टगेट स्ट्रीटच्या कडेला पूर्वी जहाजे लागत. नदी हटवून मिळालेल्या जमिनीवर आता सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांचे प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम उभे आहे. १९१३ मध्ये या बंदरातून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला.

ही सगळी वाक्ये मी मुद्दाम 'बांधली', 'आली', 'सरकवली' अशी लिहिली, कारण शहराचे इतिहास असेच लिहिलेले असतात. मार्क्विसने बांधली, ब्रुनेलने सरकवली. हातात फावडे कुणाच्या होते हे वाक्याबाहेर राहते. आपले क्षेत्र नेमके त्या वाक्याबाहेर राहिलेल्या माणसापासून सुरू होते.

त्या माणसाला इंग्रजीत 'नॅव्ही' म्हणत. अठराव्या शतकात जलमार्गाचे कालवे खणणाऱ्यांना 'नॅव्हिगेटर' म्हणत, त्याचे हे लाडके म्हणा की तुच्छतेचे म्हणा, आखूड रूप. शेतात फावडे चालवणारा प्रत्येकजण नॅव्ही नसे. दिवसभर माती उपसून ती डोक्याच्या उंचीवर फेकायची ताकद यायला महिने लागत. कार्डिफच्या गोद्यांवर आणि रेल्वेवर इंग्रज आणि वेल्श नॅव्ही होतेच, पण मोठा भरणा आयरिश मजुरांचा होता, मुख्यतः आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कॉर्क आणि वॉटरफर्ड भागांतल्या. कारण साधे होते. कार्डिफचा कोळसा कॉर्कला जाई. परतताना रिकामे जहाज हलके होऊन कलंडू नये म्हणून पोटात वजन लागे. हे वजन म्हणून माणसे घेतली तर ती स्वतःच्या पायांनी चढत आणि उतरत. महादुष्काळाच्या वर्षांत काही कप्तान या उतारूंना बंदरात न आणता आधीच किनाऱ्यावरच्या चिखलात उतरवून देत.

आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला १८४५ मध्ये. १८४१ साली ऐंशी लाखांवर असलेली तिथली लोकसंख्या १८५१ मध्ये पासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. स्थलांतराच्या पुस्तकांत हे 'ढकलणाऱ्या कारणा'चे ठळक उदाहरण म्हणून येते आणि तिथेच संपते. पण माझा प्रश्न विचारला की मधले एक पान उघडते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सरकारने उपाशी लोकांना फुकट धान्य न देता काम द्यायचे ठरवले. ते काम म्हणजे रस्ते आणि त्यासाठी दगड फोडणे. मार्च १८४७ मध्ये सात लाखांहून अधिक माणसे या कामांवर होती. दिवसाला आठ-दहा पेन्स मजुरी, आणि तीही मोजमाप झाल्यावर हाती पडणार. त्यांतले कितीतरी रस्ते कुठेच जात नव्हते, माळावर सुरू होऊन माळावरच संपत होते. बटाट्याखेरीज दुसरे काही न पिकवलेला कुणबी त्या एका हिवाळ्यात खडीकामगार झाला. मग उन्हाळ्यात ही कामे बंद झाली. त्याच वर्षी गरिबांच्या मदतीच्या कायद्यात एक कलम घातले गेले, ग्रेगरी नावाच्या खासदाराच्या नावाने ओळखले जाणारे : पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. म्हणजे जमीन सोडा, मग ताटात काही पडेल. नांगर सुटला तो इथे. कार्डिफला उतरणाऱ्या माणसाने बाकी सगळे गमावले होते, पण दगड फोडायची सवय त्याच्याबरोबर आली होती.

हे वाचताना मराठी वाचकाला काहीतरी ओळखीचे वाटेल. वाटायलाच हवे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातही हेच दृश्य होते. मे १९७३ च्या सुमारास राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि सगळ्यांत जास्त आठवणीत राहिलेली खडी. आयर्लंडमध्ये अमेरिकेतून आणलेला पिवळा मका लोकांनी नाक मुरडत खाल्ला. आपल्याकडे लाल मिलो आणि सुकडी. माण तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याशी मी पुण्याच्या एका नाक्यावर बराच वेळ बोलत होते. तो मस्कतला सेंट्रिंगच्या कामावर नऊ वर्षे राहून आलेला. मस्कतला का गेलात, याचे उत्तर त्याने एका शब्दात दिले. पहिले घमेले कुठे उचलले, हे मात्र तो पाऊण तास सांगत होता. बहात्तर साली तो पंधरा वर्षांचा होता. आई खडी फोडायची आणि हा वाहून टाकायचा. धारदार खडी लागू नये म्हणून आईने त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. पाऊस पडल्यावर कामे थांबली, पण विहिरीला पाणी आले नव्हते आणि बैल तर आधीच विकले होते. 'मग हातात काय राहिलं? हेच.' असे म्हणून त्याने दोन्ही हात घमेले धरल्यासारखे पुढे केले.

दोन दुष्काळांतला फरकही तितक्याच काळजीने पाहायला हवा. आयर्लंडमध्ये कामे बंद केली गेली. महाराष्ट्रात त्यांचा कायदा झाला. विसापूरचे वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ मध्ये राज्यभर लागू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि काम मागण्याचा हक्क कागदावर उतरला. जमीन सोडायची अट इथे कुणी घातली नाही. म्हणून बहात्तरचा माणूस १८४७ च्या माणसासारखा मुळापासून उखडला गेला नाही. तो पुण्या-मुंबईला गेला आणि पेरणीला परत आला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. ही ये-जा कितीही दमवणारी असो, ती होऊ शकली ती पाठीमागे राहिलेल्या दोन एकरांमुळे. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो आणि या क्षेत्रातल्या इंग्रजी ग्रंथांत तो जेवढा यायला हवा तेवढा आलेला नाही. आपल्याकडे 'गावाला जाऊन येतो' म्हणतात, त्या 'येतो'मागे एक कायदा आणि एक सातबारा उभा असतो.

इथे थांबून बांधकामाचे वेगळेपण सांगते, कारण सगळे स्थलांतर एका मापाने मोजले की घोळ होतो. कापड मँचेस्टरला विणून मुंबईत विकता येते. गोदी मात्र जिथे हवी तिथेच खणावी लागते. म्हणून या धंद्यात माल माणसांकडे जात नाही, माणसांना मालाकडे यावे लागते. दुसरे असे की गिरणी कामगाराला धरून ठेवते, बांधकाम त्याला हुसकावते. भिंत जितकी वर जाते तितका त्याचा मुक्काम कमी होतो, आणि रंगकाम सुरू झाले की त्याचे पत्र्याचे खोपटे मोडायची वेळ आलेली असते. कार्डिफच्या आयरिश लोकांना या चक्रातून बाहेर पडता आले, कारण एक गोदी पूर्ण होईतो दुसरी सुरू होत गेली आणि बांधणाऱ्यांनाच पुढे त्याच गोद्यांवर हमाली मिळाली. ईस्ट डॉक १८५९ मध्ये पूर्ण झाली, रोथ डॉक १८८७ मध्ये, क्वीन अलेक्झांड्रा डॉक १९०७ मध्ये. जवळजवळ सत्तर वर्षे शहराने खोदकाम थांबवले नाही. असे भाग्य फार थोड्या बांधकाम मजुरांच्या वाट्याला येते.

भाग्य हा शब्द मी जपून वापरते. रॅमेल नावाच्या निरीक्षकाने १८५० मध्ये कार्डिफच्या आरोग्यावर सरकारला अहवाल दिला. त्यात स्टॅन्ली स्ट्रीटवरच्या एका लॉजिंगमध्ये पन्नासहून अधिक बायका-पुरुष-पोरे एका खोलीत राहत असल्याची नोंद आहे. आदल्याच वर्षी शहरात पटकी येऊन गेली होती. त्याआधी, नोव्हेंबर १८४८ मध्ये, एका आयरिश माणसाच्या हातून एका वेल्श माणसाचा खून झाला आणि जमावाने आयरिश घरांवर आणि त्यांच्या कॅथलिक चर्चवर हल्ला केला. पुढे गोदीजवळ न्यूटाउन नावाची सहा गल्ल्यांची वस्ती त्यांची म्हणून ओळखली जाऊ लागली. लोक तिला 'लिटल आयर्लंड' म्हणत. 'पीअरलेस' जिम ड्रिस्कॉल हा मुष्टियोद्धा तिथलाच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती वस्ती पाडली गेली. आज टिंडल स्ट्रीटवर तिच्या आठवणीची एक लहानशी बाग आहे, आणि कॅथेज दफनभूमीत महादुष्काळाचे स्मारक. कोळशाच्या बोटींवरून आलेल्या सोमाली, येमेनी आणि हिंदी खलाशांची वस्ती याच गोद्यांच्या पाठीशी होती, पण तो स्वतंत्र अभ्यास आहे.

कार्डिफची नदी सरकवली गेली त्याच दशकात त्याच पिढीचे इंग्रज कंत्राटदार सह्याद्रीत पोचले. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. जानेवारी १८६१ मध्ये तिथे सुमारे ४२,००० माणसे एकाच वेळी राबत होती. कार्डिफच्या कुठल्याही गोदीवर इतकी माणसे कधी दिसली असतील असे मला वाटत नाही. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन तडीस नेले. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकल्यामुळे तिथे दंगल झाली होती. त्यानंतर १८६० मध्ये मालक आणि मजूर यांच्या तंट्यांचा कायदा झाला. वेल्समधल्या रेल्वेवर काम एकटा पुरुष करी. बोरघाटात वडार कुटुंबासकट आले, नवरा फोडणारा आणि बायको वाहणारी. बायकांच्या मजुरीचा हिशेब वेगळा न ठेवता जोडीचा ठेवायची रीत आपल्याकडे अजून आहे. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता'च म्हणतात. बांधकामावरही जोडीला मागणी असते आणि 'जोडी'तल्या बाईचे नाव हजेरीपटावर नसते. या क्षेत्रात येणाऱ्या मुलींनी हा धागा उचलावा अशी माझी फार इच्छा आहे. तो अजून नीट कुणी सोडवलेला नाही.

आता कारेन लोकांकडे. ते सगळ्यांत दूरचे वाटतील, आणि माझ्या प्रश्नाची सगळ्यांत कठीण परीक्षा तेच घेतात. म्यानमारच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरांत आणि भातखाचरांत राहणारे हे लोक. त्यांच्या संघटनेचे सरकारशी युद्ध १९४९ पासून चालू आहे. १९८४ पासून थायलंडच्या हद्दीत त्यांच्या निर्वासितांच्या छावण्या आहेत. म्यावाडी आणि माए सोट या दोन गावांच्या मधून मोएई नदी वाहते. ती ओलांडली की देश बदलतो. त्यांचे घर का सुटते, याचे उत्तर युद्ध, असे आपण चटकन देतो. पण छावणीत जाणारा आणि बँकॉकच्या मनोऱ्यावर जाणारा यांच्यात फरक काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकशी आयोगाने १९९८ मध्ये म्यानमारमधल्या वेठबिगारीवर अहवाल दिला. गावागावांतून माणसे धरून नेऊन सैन्याचे सामान वाहायला, रस्ते बांधायला, छावण्या उभारायला लावली जात, बिनमजुरीची, आणि खाणेही घरून आणायचे. कारेन गावे या वेठीत सतत भरडली गेली. म्हणजे त्यांचे पहिले घमेले घरीच होते, आणि फुकटचे होते. नदीच्या पलीकडे त्याच कामाला पैसे होते. थायलंडने २०१३ मध्ये देशभर दिवसाला तीनशे बाथ किमान मजुरी ठरवली. ती परदेशी मजुराला नेहमी पुरी मिळत नाही. पण शून्याशी तुलना केली की अर्धी मजुरीही मजुरी वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सक्तीची भरती जाहीर केली आणि तरुणांच्या जाण्याला आणखी एक कारण मिळाले.

२८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच्या धक्क्याने तिथून सुमारे हजार किलोमीटरवर, बँकॉकच्या चातुचाक भागात, थायलंडच्या लेखापरीक्षण कार्यालयाची बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत काही सेकंदांत कोसळली. ढिगाऱ्याखाली जे गाडले गेले त्यांत म्यानमारहून आलेले मजूर होते. जमीन हलली ती त्यांच्याच देशातली. त्या दिवसांत मी कारेन भागावरच्या टिपणांवर काम करत होते. ती फाइल पुन्हा उघडायला मला बरेच दिवस लागले.

या क्षेत्राचे सिद्धांत मी थोडक्यात सांगते, कारण ते पुढे वाचकाला भेटतीलच. १८८५ मध्ये रॅव्हन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे 'नियम' मांडले. बहुतेक माणसे जवळच जातात आणि लांबचा पल्ला टप्प्याटप्प्याने गाठला जातो, हे त्याचे निरीक्षण आजही टिकून आहे. माझा प्रश्न म्हणजे खरे तर त्याच्याच टप्प्यांमधल्या पहिल्या टप्प्याचा शोध आहे. १९६६ मध्ये एव्हरेट ली यांनी ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या कारणांची मांडणी केली. ती उपयोगी आहे, पण आळशीही आहे. एका बाजूला दुष्काळ आणि दुसऱ्या बाजूला मजुरी लिहिली की काम झाल्यासारखे वाटते. १९७९ मध्ये मायकेल पिओरे यांनी दाखवले की श्रीमंत देशांना तात्पुरती माणसे सतत हवीच असतात. १९८५ च्या सुमारास स्टार्क आणि ब्लूम यांनी म्हटले की जायचे की नाही हे एकटा माणूस ठरवत नाही, घर ठरवते. हे आपल्याकडे कुणालाही नवे वाटणार नाही. तिघा भावांतला कोण शेतीवर राहील आणि कोण बाहेर जाईल, हे आई-वडिलांच्या देखत ओसरीवर ठरते.

सिद्धांतांपेक्षा मला मधला माणूस अधिक मोलाचा वाटतो : मुकादम, एजंट, गँगर. यान ब्रेमन यांनी खानदेशातून बारडोलीला उसाच्या तोडीसाठी जाणाऱ्या टोळ्यांवर लिहिले आहे, ते प्रत्येकाने वाचावे. पावसाळ्यात घरात काही नसते तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर ती उचल माणसाला ओढून नेते. इथे कर्ज हे जाण्याचे कारण आहे, आणि तेच परत न येण्याचेही. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने रेल्वे मजुरांची चौकशी केली, तेव्हा हेच निघाले. पगार महिन्याने, आणि तोवर कंत्राटदाराच्याच दुकानातून चढ्या भावाने उधार. त्या दुकानाला 'टॉमी शॉप' म्हणत. आपल्या वीटभट्टीवरच्या किराणा दुकानाला वेगळे नाव नाही एवढेच. आखातात जाणाऱ्याची उचल उलट्या दिशेने वाहते. तो स्वतःच एजंटाला पैसे देतो, बायकोचे दागिने मोडून, आणि पहिली दोन वर्षे तेच फेडत राहतो. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाल्यावर आखातात जे बांधकाम उसळले, त्यात कोकणातून माणसे मोठ्या संख्येने गेली. रत्नागिरीकडे फिरताना जांभ्या चिऱ्याची जुनी घरे आणि त्यांच्या शेजारी आखाती पैशाचे स्लॅबचे दुमजली घर अशी जोडी जागोजाग दिसते. तिकडे दुसऱ्यासाठी बांधायचे आणि इकडे आपल्यासाठी.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा विषय पुन्हा आपल्या दारात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये इस्रायलला पाठवायच्या बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या. सेंट्रिंग, सळई वाकवणे, गिलावा, लादी, अशी चार कामे. महिन्याला एक लाख ९० हजारांहून अधिक रुपये मिळतील असे जाहीर झाले होते. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या बांधकामांवरचे पॅलेस्टिनी मजूर बंद करण्यात आले आणि त्यांची जागा रिकामी झाली. 'ओढणारे कारण' असे कोरडे लिहिताना दुसऱ्या कुणाचा तरी रोज गेला आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. चाचणीला रांगेत उभ्या असलेल्या पोराला दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. त्याचे पहिले घमेले कुठे होते, हे मला माहीत असावे असे वाटते.

ज्यांना हा अभ्यास स्वतः करायचा आहे त्यांनी कागदांना घाबरू नये. कार्डिफमध्ये लेकविथला ग्लॅमॉर्गन अभिलेखागार आहे. जुनी वेल्श वृत्तपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने घरबसल्या फुकट वाचायला ठेवली आहेत. बोरघाटाचे कागद मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधल्या राज्य अभिलेखागारात आहेत, आणि तिथले कर्मचारी नवख्या विद्यार्थ्याला जितकी मदत करतात तितकी मला इंग्लंडमध्येही क्वचित मिळाली. या कागदांत बोलतो तो पोलीस, निरीक्षक, पाद्री, अभियंता. मजूर बोलत नाही. त्याचा आवाज ऐकायचा तर पॅट्रिक मॅकगिल किंवा डॉनल मॅकॉली यांच्यासारख्या, स्वतः फावडे चालवून मग लेखणी धरलेल्या आयरिश लेखकांकडे जावे लागते. आपल्याकडे मात्र नाक्यावर जावे लागते, सकाळी सातच्या आत, कारण आठ वाजता नाका रिकामा होतो आणि जो उरतो तो बोलायच्या मनःस्थितीत नसतो.

एक छोटी युक्ती सांगते. १८५१ च्या कार्डिफच्या जनगणनेच्या वह्यांत 'जन्मस्थळ' नावाचा रकाना आहे. बापापुढे 'आयर्लंड' असते, धंद्यापुढे 'मजूर'. त्यावरून काही कळत नाही. पण त्याच पानावर खाली पोरांची नावे असतात. थोरली कॉर्कची, मधला न्यूपोर्टचा, त्याच्या पाठचा मर्थरचा, तान्हे कार्डिफचे, अशी घरे त्या वह्यांत भेटतात. बापाने कधीच न सांगितलेला सगळा रस्ता पोरांच्या जन्मस्थळांत उतरलेला असतो. पुण्यात हडपसरच्या किंवा हिंजवडीच्या साइटवर, जिथे मजुरांच्या मुलांसाठी शाळा चालते, तिथली पटाची वही मागून पाहावी. बाईंना आधी विचारावे, त्यांचा वेळ मोडू नये. जन्मगावाचा रकाना वरून खाली वाचत जावा, आणि प्रत्येक गावापुढे त्या वर्षी तिथे कुठले काम चालू होते ते पेन्सिलीने लिहावे.